लिफ्ट बंद, दिल चालू?

दोन अनोळखी माणसं, एक बंद जागा आणि बाहेर पडायची वाट नाही. हिंदी सिनेमाचा हा हुकमी फंडा खऱ्या आयुष्यात चालतो का? सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये लटकल्यावर पडलेला हा प्रश्न...

रात्रीचे पावणेनऊ. अंधेरी ईस्टमधली एक बारा मजली ऑफिस बिल्डिंग. एका इंटरव्ह्यूचं काम आटपून मी अकराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरले. नवव्या मजल्यावर एक मुलगा आत आला. गळ्यात आयकार्ड, कानात इअरफोन, पाठीला लॅपटॉपची सॅक. लिफ्टमध्ये अनोळखी माणसासोबत आपण जे करतो तेच आम्ही केलं. दोघांनीही मान वर करून मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला सुरुवात केली, जणू दहावीचा रिझल्ट लागतोय. नऊ, आठ, सात... आणि खट्! लाइट गेला, पंखा थांबला आणि एक हिसका देऊन लिफ्ट जागच्या जागी उभी.

पुढचा एक तास दहा मिनिटं आम्ही तिथेच होतो.

हे सांगितल्यावर माझ्या एकाही मैत्रिणीने ‘अगं बाई, घाबरलीस का?’ असं विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच. ‘दिसायला कसा होता?’

दोष त्यांचा नाहीच. आपल्याला लहानपणापासून हेच तर दाखवलंय! १९७३च्या ‘बॉबी’तल्या बंद खोलीच्या गाण्यापासून सुरुवात करा. पळून निघालेली श्रीमंत मुलगी आणि फाटका पत्रकार एकाच बसमध्ये, हा मसाला तर त्याहून जुना. हॉलिवूडने तो १९३४ साली ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये शिजवला, मग आपल्याकडे १९५६मध्ये ‘चोरी चोरी’ आला आणि १९९१मध्ये ‘दिल है कि मानता नहीं’. गाडी बंद पडते, पाऊस कोसळतो, एकच खोली शिल्लक असते... आणि इंटरव्हलपर्यंत दोघं प्रेमात. आपण पॉपकॉर्न खात विश्वास ठेवतो.

प्रत्यक्षात पहिली दहा मिनिटं कशी जातात ते सांगू? मी घराची किल्ली मुठीत अशी धरली होती, की टोक बोटांच्या मधून बाहेर. अंधार, मोबाइलला रेंज नाही आणि दोन हातांवर एक अनोळखी पुरुष. बॉस, यात रोमान्स कुठे आला? मुलींनो, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. मुलांनो, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

त्याने काय केलं, तर मोबाइलचा टॉर्च लावून खाली जमिनीवर ठेवला. अलार्मची बेल दाबली. मग म्हणाला, ‘तुम्ही इकडे बटणांच्या बाजूला या, मी त्या कोपऱ्यात बसतो.’ आणि खरंच समोरच्या कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसला. आता अलार्म माझ्या हाताशी, तो लांब. एवढंच. मी किल्ली पर्समध्ये टाकली.

भीतीचा फंडा

बाहेर आल्यावर माझ्यातली पत्रकार जागी झाली. त्या तासाभरात मला जे काही ‘वाटलं’ त्याला सायन्समध्ये नाव आहे का? आहे, आणि त्याच्यामागे एक भन्नाट प्रयोग आहे.

कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. लांबी ४५० फूट, रुंदी जेमतेम ५ फूट आणि खाली २३० फुटांवर खडक न् पाणी. पाय टाकला की डुलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली छापलेला प्रयोग या पुलावरचा. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना मध्येच एक सुंदर मुलगी गाठायची, एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि ‘जास्त माहिती हवी तर फोन करा’ म्हणत आपला नंबर द्यायची. तीच मुलगी तेच नाटक दुसऱ्या एका पुलावरही करायची. तो पूल भक्कम लाकडी आणि पाण्यापासून फक्त १० फूट उंच.

निकाल? झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६पैकी फक्त दोघांनी.

अर्थ असा, की छाती धडधडतेय, तळहात घामेजलेत, श्वास फुललाय... शरीराला एवढंच कळतं. हे कशामुळे, ते मेंदू नंतर ठरवतो आणि समोर मुलगी असेल तर बिल तिच्या नावावर फाडतो! पुलाची भीती खपते प्रेम म्हणून. आता सायन्सवाले शंका काढणारच, की मुळात झुलत्या पुलावर जाणारी पोरं जास्त बिनधास्त असतील, म्हणून त्यांनी फोन केला असेल. हे दोघांच्याही डोक्यात आलं होतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या खेपेला त्याच पुलावरची माणसं घेतली. काहींना पुलावर गाठलं आणि काहींना पूल ओलांडून दहाएक मिनिटं विश्रांती घेतल्यावर. विश्रांती घेतलेल्यांचे फोन बरेच कमी आले.

ही दहा मिनिटं लक्षात ठेवा. मी पुन्हा तिकडे येणार आहे.

पण थांबा, हुरळून जाऊन क्रशला रोलर कोस्टरमध्ये बसवायची घाई नको. १९८१मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग जरा फिरवून केला. मुलांना जागेवर पळायला लावून धाप लागू दिली आणि मग एका मुलीचा व्हिडिओ दाखवला. मुलगी आकर्षक असेल तर धाप लागलेल्यांना ती आणखी आवडली. पण तिलाच मेकअप करून अनाकर्षक बनवली, तर धाप लागलेल्यांना ती इतरांपेक्षाही कमी आवडली. म्हणजे धडधड ही नुसती व्हॉल्यूमची कळ. गाणं छान असेल तर छान वाजतं, भिकार असेल तर कान फुटतात. माझ्यासोबत लिफ्टमध्ये आमचा जुना बॉस असता तर... जाऊ दे, जेवायच्या वेळी नको.

बसच्या वरच्या मजल्यावर

अडकण्याचा विषय आणि मुंबई म्हटलं, की एक तारीख येणारच. मंगळवार, २६ जुलै २००५. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५सुद्धा नाही. लोकल बंद, रस्त्यांच्या नद्या झालेल्या, मोबाइल मुके, उपनगरांत वीज नाही. लाखो माणसं जिथे होती तिथेच रात्रभर अडकली.

मी तेव्हा तिसरीत होते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काका-काकूंबद्दल ‘पावसात जमलं हो त्यांचं’ एवढंच मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं. या लेखाच्या निमित्ताने रीतसर डायरी-पेन घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आता झक्कास लव्ह स्टोरी मिळणार!

काकू तेव्हा २४ वर्षांच्या. अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट ऑफिसात नोकरी, घर कुर्ल्याला. संध्याकाळी बेस्टची डबल-डेकर मिळाली, ती कालिन्याला अडकली. खालच्या मजल्यावर पाणी शिरलं तसे सगळे वर आले.

‘मग? पहिली नजरानजर?’ मी.

‘कसली नजरानजर! अगं, मला बाथरूमला जायचं होतं.’

मी पेन खाली ठेवलं. काका हसायला लागले.

‘सहा तास झाले होते,’ काकू म्हणाल्या. ‘बसमध्ये आम्ही पाच बायका, सगळ्यांची तीच अडचण, पण बोलणार कोण? यांनी ओळखलं. कुणाला काही न विचारता उतरले, छातीभर पाण्यातून समोरच्या चाळीत गेले, तिथल्या बायकांशी बोलले. कुठून तरी दोरी आणली. मग एकेकीला धरून नेलं, परत आणलं. कंडक्टर पण होता बरोबर. शेवटच्या खेपेला मी विचारलं, तुम्हाला भीती नाही का वाटत? तर म्हणाले, मला पोहता येत नाही.’

चाळीतल्या लोकांनी रात्री बसमध्ये चहा आणि खिचडी पोचवली. तिथल्या एका घरातला लँडलाइन चालू होता. काकांनी जमेल तितक्या लोकांचे निरोप त्यावरून त्यांच्या घरी दिले, अगदी काकूंच्या शेजाऱ्यांचा नंबर लावून ‘मुलगी सुखरूप आहे’ हेसुद्धा. लग्न झालं दीड वर्षाने. मधल्या काळात पत्रिका, काकूंच्या वडिलांचा विरोध, काकांची गेलेली नोकरी, सगळं यथासांग झालं. त्या रात्री ‘प्रेम-बिम’ झालं का, यावर दोघांचं आजही एकमत नाही. काका म्हणतात झालं. काकू म्हणतात, ‘झोप येत होती.’

‘पण एक सांगते,’ मी उठताना त्या म्हणाल्या. ‘कांदेपोहे खायला आले असते ना, तर इस्त्रीचा शर्ट घालून आले असते. पहाटे तीनला माणूस कसा वागतो, हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली असती.’

सप्टेंबर २०२३मध्ये बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबल-डेकर निवृत्त झाली, तेव्हा काका अर्धी रजा टाकून अंधेरीला तिला बघायला गेले होते. काकूंना ते वेड वाटतं. फोटो मात्र फ्रिजवर लावलाय.

आणि हो, सगळीच अडकलेली माणसं अशी बसच्या वरच्या मजल्यावर नव्हती. त्याच रात्री बंद गाड्यांच्या काचा पाण्यात उघडल्या नाहीत, म्हणून आतल्या आत गुदमरून गेलेली माणसं याच शहरातली. काकूंसोबत रोज बसला असणारी एक मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. हे सांगताना काकू मध्येच उठून गॅस बंद करायला गेल्या. गॅसवर काही नव्हतं.

अडुसष्ट दिवसांचा हनिमून

आता उलटं उदाहरण. माझी एक कॉलेजमधली मैत्रीण पुण्यात बाणेरला थ्री बीएचके शेअर करायची. २५ मार्च २०२०ला लॉकडाउन लागला, त्याआधी बाकीचे पळाले आणि फ्लॅटमध्ये उरले दोघं. ही आणि एक मुलगा, ज्याचं फक्त आडनाव तिला माहीत होतं. ३१ मेपर्यंत ६८ दिवस! एकत्र डालगोना कॉफी, एकत्र गच्चीत फेऱ्या, एकत्र ‘रामायण’. तिसऱ्या आठवड्यात प्रेम. सातव्या आठवड्यात मुलांची नावं.

ऑगस्टमध्ये ब्रेकअप.

‘अरे, तो वाईट नव्हता,’ ती म्हणते. ‘पण बाहेर पडल्यावर कळलं, की आमच्यात कॉमन काय होतं, तर तो फ्लॅट.’

मला हे वाक्य जाम आवडलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत अर्विन ऑल्टमन आणि विल्यम हेथॉर्न यांनी एकमेकांना न ओळखणाऱ्या नौसैनिकांच्या जोड्या करून त्यांना दहा दिवस एका छोट्या खोलीत बंद ठेवलं होतं. दोन गोष्टी दिसल्या. एक, ही मुलं एकमेकांना अशा खासगी गोष्टी सांगायला लागली, ज्या बाहेर मित्र व्हायलाही बराच काळ लागतो. आणि दुसरी, दिवस जातील तशी ‘हा पलंग माझा, ती खुर्ची तुझी’ अशी वाटणीही वाढत गेली. जवळीक आणि कुंपण एकाच खोलीत! लग्न झालेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही म्हणा.

सिनेमावाल्यांनाही हे ठाऊक आहे. १९९४चा ‘स्पीड’ आठवतो? बाँब लावलेल्या बसमध्ये किआनू रीव्ह्ज आणि सँड्रा बुलकचं जमतं. १९९७मध्ये ‘स्पीड २’ आला, तेव्हा सँड्रा होती, जहाज होतं, किआनू गायब. सिनेमात सांगून टाकलंय, त्यांचं टिकलं नाही.

तर पुन्हा लिफ्टमध्ये

वॉचमन वरून ओरडला, ‘मॅडम, त्रिकोणी किल्ली सापडत नाहीये, लिफ्टवाल्याला फोन केलाय, येतोय.’ आता लिफ्टवाला येतोय म्हणजे कुठून, तर मुलुंडहून. रात्री नऊला.

मी वेड्यासारखी म्हणाले, ‘हवा संपली तर?’ तो म्हणाला, लिफ्ट हवाबंद नसते, फटी असतात, गुदमरायला होत नाही. (नंतर चेक केलं. बरोबर आहे. आणि दरवाजा स्वतः उचकटून बाहेर उडी मारायची हिरोगिरी करू नका, खरा धोका त्यात असतो.) त्याने टॉर्च पाटीवर मारला. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’. ‘म्हणजे प्रत्येकी ६८,’ तो म्हणाला. ‘मी ८१ आहे. पण तुम्ही बॅलन्स करताय.’ हा जोक होता हे मला दोन सेकंदांनी कळलं.

त्याच्याकडे चिक्कीचं अर्धं पाकीट निघालं. माझ्याकडे पाणी. आणि मग, का ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी त्याला अशी गोष्ट सांगितली जी तोपर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. की दोन महिन्यांपूर्वी मी चॅनेलमधली नोकरी सोडलीय. घरी कुणालाच माहीत नाही. रोज सकाळी डबा घेऊन ८.२२ची लोकल पकडते, दादरच्या एका लायब्ररीत बसून फ्रीलान्स लिहिते आणि संध्याकाळी दमल्याचं नाटक करत घरी जाते. बाबा नातेवाइकांना अजून सांगतात, मुलगी टीव्हीत आहे.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी वडिलांशी दोन वर्षं बोललेलो नाही. घरी फोन केला की आई स्पीकरवर ठेवते. मला त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो.

यालाही सायन्स आहेच. झिक रुबिन या मानसशास्त्रज्ञाने १९७५मध्ये बोस्टनच्या एअरपोर्टवर विमानाची वाट बघणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाने स्वतःबद्दल काही आतलं सांगितलं, की समोरचाही तितकंच आतलं सांगतो. पुन्हा भेट होणार नाही याची खात्री असली की माणूस मोकळा होतो. पुलाच्या प्रयोगातल्या त्याच आर्थर अ‍ॅरनने पुढे १९९७मध्ये ३६ प्रश्नांची यादी बनवली. दोन अनोळखी लोकांनी एकमेकांना विचारायची, साध्या प्रश्नांपासून वाढत वाढत खोल. पाऊण तासाचं काम. २०१५मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका लेखाने ती ‘प्रेमात पाडणारी यादी’ म्हणून जगभर गाजवली. मूळ प्रयोगाचा हेतू मात्र प्रेम नव्हताच, प्रयोगशाळेत तात्पुरती जवळीक कशी तयार करायची, एवढाच होता.

तात्पुरती. हा शब्द मला टोचला.

दहा वाजायला पाच मिनिटं असताना दरवाजा उघडला. ट्यूबलाइटच्या उजेडात आम्ही दोघंही भयंकर दिसत होतो. माझं काजळ गालावर, त्याच्या दाढीत चिक्कीचा गूळ. त्याचा फोन टॉर्चमुळे मेलेला, माझा आधीच. त्याने पार्किंगच्या पावतीमागे नंबर लिहून दिला, ‘घरी पोचल्यावर एक मेसेज टाका’ म्हणाला आणि गेला. मी मेसेज टाकला नाही. लोकलमध्येच झोप लागली, आणि सकाळी वाटलं, आता काय टाकायचा? मग दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं.

तीन आठवडे ती पावती पर्समध्ये. या लेखासाठी वाचत होते तेव्हा ते १८पैकी ९ डोक्यात फिरत होते. आणि ती दहा मिनिटंही. मी काही पुलावर नव्हते आता. पूल ओलांडून, दम खाऊन, चांगले एकवीस दिवस झाले होते. छाती धडधडत नव्हती. डोळ्यांसमोर यायचं ते मात्र त्याचं तोंड नव्हे (खरं सांगायचं तर नीट आठवतही नव्हतं), तो कोपऱ्यात जाऊन बसला ते.

आधी मी दुसरं काम उरकलं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, आई-बाबांना नोकरीचं सांगितलं. बाबा उठून बाल्कनीत गेले. आई म्हणाली, ‘मग रोजचा डबा कुठे खात होतीस?’ तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. बाबा अजून पूर्ण बोलत नाहीत, पण परवा विचारलं, ‘ते मासिकवाले वेळेवर पैसे देतात का?’

त्याच संध्याकाळी फोन लावला. पाच रिंग गेल्या.

‘हॅलो, मी... ती लिफ्टमधली.’

‘पोचलात का घरी?’

आम्ही भेटलो. स्टेशनबाहेरच्या एका उडप्याकडे, भरदुपारी, भरपूर उजेडात. सांगायला हरकत नाही, पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी गेली. तो होम लोनबद्दल बोलला. मी जीएसटीबद्दल. त्याला सर्दी झाली होती आणि तो कॉफी बशीत ओतून पितो. मध्ये एकदा दोघांचंही बोलणं संपलं. मी भिंतीवरचं मेन्यूकार्ड दोनदा वाचून काढलं. मग त्याने विचारलं, ‘घरी सांगितलंत?’ मी म्हटलं, हो. मी विचारलं, ‘तुम्ही?’ तो म्हणाला, अजून नाही, पण गेल्या रविवारी खोकला ऐकून ‘डॉक्टरला दाखवा’ म्हणालो, मोठ्याने, स्पीकरवर.

पुढच्या शनिवारी पुन्हा भेटतोय. तो म्हणाला ते हॉटेल चौथ्या मजल्यावर आहे. जिन्याने जायचं ठरलंय.